घरची वाकळ : जुनेराचा सदुपयोग व कुटुंबाची ऊब

शेतकरी कुटुंबात ज्या वस्तू पैशाने विकत घेतल्या जात नाहीत, परंतु ज्यांच्यावाचून घराचे घरपण पुरे होत नाही, अशा वस्तूंमध्ये वाकळेचे स्थान वरचे आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत तिला गोधडी म्हणतात. कोल्हापूर व आसपासच्या मुलखात वाकळ हाच शब्द अधिक रूढ आहे. जुनी लुगडी, धोतरे, पटके व परकर यांचे थर एकावर एक अंथरून ते हाताच्या साध्या धावदोऱ्याने एकत्र शिवले की वाकळ तयार होते. बंगालमधील कंथा, बिहारमधील सुजनी, सिंध-राजस्थानातील रल्ली आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची कवंदी ही सर्व याच कुळातील पांघरुणे होत. झिजलेले कापड फेकून न देता त्याला दुसरे आयुष्य देण्याची बुद्धी निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रियांना स्वतंत्रपणे सुचली, हे यावरून ध्यानात येते.

गेल्या दोन पिढ्यांत घरातील कापड पार बदलले आहे. सुती लुगड्याची जागा कृत्रिम धाग्याच्या साडीने आणि धोतराची जागा टेरिकॉटच्या पॅन्टने घेतली. शिवणारे हात तेच, टाका तोच आणि मनातील मायाही तीच. परंतु हाताशी येणारे कापड निराळे. परिणामी पुष्कळ घरांतील नवी वाकळ दिसण्यात जुन्यासारखी असूनही अंगावर घेतल्यास घामट लागते, सरकते आणि चुलीजवळ धोक्याची ठरते. वाकळ हे प्रेमाचे देणे आहे; ते घेणाऱ्याच्या अंगी लागावयाचे असेल तर कापडाची पारख, थरांची मांडणी, टाक्यांतील अंतर आणि स्वच्छता या चार गोष्टींचे ज्ञान आवश्यक आहे. या लेखात त्यांचा क्रमाने विचार केला आहे.

वाकळ कोणासाठी

वाकळ ही सहसा कोणाच्या तरी नावाने शिवली जाते. पहिलटकरीण माहेरी येण्यापूर्वी आई किंवा आजी आपल्या सर्वांत मऊ लुगड्याची दुपटी व कुंची शिवून ठेवते. सासरी निघालेल्या मुलीच्या सामानात एखादी जाड वाकळ घातली जाते. घरातील वृद्धांसाठी वजनाने हलकी, पण थरांनी पुरेशी अशी वाकळ वेगळी राखतात. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ सालापासून कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली आणि हे शहर खेड्यापाड्यांतील मुलांच्या शिक्षणाचे केंद्र बनले. शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या अशा मुलाच्या वळकटीत घरची वाकळ असली, म्हणजे परक्या ठिकाणी घराची तेवढी एक खूण त्याच्या सोबतीला असते.

या देण्याचे एक वैशिष्ट्य असे की, वरचे कापड विरले तरी वाकळ संपत नाही. तिच्यावर नवे कापड घालून पुन्हा टाके घेतले जातात व जुनी वाकळ नवीच्या पोटात जाते. आजीचे लुगडे नातवाच्या पांघरुणात राहते ते याच रीतीने. म्हणूनच तिच्यात काय घालावे व काय घालू नये, याचा निर्णय पुढच्या पिढीच्याही उपयोगाचा असतो.

ऊब कशी मिळते

वाकळ स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. शरीराची उष्णता बाहेर जाऊ न देणे एवढेच तिचे काम. हे काम कापडापेक्षाही कापडाच्या थरांत अडकलेली स्थिर हवा अधिक करते, कारण स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. सहा पातळ थरांमध्ये हवेचे पाच पापुद्रे राहतात. तेवढ्याच वजनाचा एकच जाड थर घेतला तर ही सोय होत नाही. जुने, वारंवार धुतलेले कापड मऊ व लवदार झालेले असल्याने त्याच्या तंतूंतही हवा धरली जाते. जुनेराची वाकळ नव्या कापडाच्या वाकळेपेक्षा सुखकर वाटते, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. माणसाच्या अंगातून झोपेतही घाम व वाफ बाहेर पडत असते. साधारण हवामानात कापसाचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवू शकतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही धरीत नाही. त्यामुळे सुती वाकळ घाम शोषून अंग कोरडे ठेवते, तर कृत्रिम कापडाच्या वाकळेत तो अंगालाच चिकटून राहतो.

कापसाचा हाच गुण एका ठिकाणी दोष ठरतो. सुती वाकळ भिजली की थरांतील हवेची जागा पाणी घेते व ऊब नाहीशी होते. लोकरीचे तसे नाही. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी ओलसर झाली तरी काही प्रमाणात ऊब राखते. मेंढपाळ व शेतकरी पावसात घोंगडी घेऊन बाहेर पडतो आणि वाकळ घरात कोरडी ठेवतो, या जुन्या वहिवाटीमागे असा शास्त्रीय अर्थ आहे.

थंडीच्या दिवसांत कोल्हापूर परिसरात रात्रीचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. एवढ्या थंडीस सहा थरांची वाकळ धडधाकट माणसास पुरे होते. अधिक ऊब हवी असल्यास एकच दहा-बारा थरांची वाकळ शिवण्याऐवजी दोन पातळ वाकळा शिवाव्यात. दोहोंच्या मध्ये हवेचा आणखी एक पापुद्रा मिळतो, धुणे सोपे जाते व वाळण्यास वेळ कमी लागतो.

कापडाची पारख

केवळ पाहून किंवा हाताने चाचपून कापड सुती की कृत्रिम, हे नेहमी कळत नाही. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. कापडाच्या आडव्या व उभ्या अशा दोन्ही बाजूंचे चार-चार धागे काढावेत. ते लोखंडी चिमट्यात धरून, खाली थाळी ठेवून, मोकळ्या जागी ज्योतीजवळ न्यावेत. मुलांना दूर ठेवावे व जवळ पाण्याचे भांडे असावे.

सुती धागा चटकन पेटतो, जळलेल्या कागदासारखा वास येतो व मागे करड्या रंगाची हलकी राख राहते. ती बोटाने चुरगळते. पॉलिएस्टर व नायलॉनचा धागा ज्योतीपासून आखडतो, वितळतो व थंड झाल्यावर त्याचा टणक मणी बनतो. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात काही भाग जळतो व काही वितळतो. रेयॉनचा धागा कापसासारखाच जळत असल्याने या परीक्षेत तो ओळखू येत नाही. परंतु धागा ओला करून ताणल्यास रेयॉन लवकर तुटतो, तर कापूस ओला झाल्यावर दुबळा होत नाही.

या परीक्षेनंतर पुढील नियम पाळावा. अंगाकडील थर व मधले सर्व थर सुती असावेत. कृत्रिम साडी वापरावयाचीच असेल तर ती फक्त बाहेरच्या बाजूस लावावी आणि अशी वाकळ चूल, शेकोटी, दिवा व विडी-काडीपासून दूर ठेवावी. सुती कापडही पेटते. परंतु कृत्रिम कापड पेटले असता वितळून कातडीला चिकटते व जखम अधिक खोल होते. बालकांच्या व अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पांघरुणात कृत्रिम कापड मुळीच घालू नये.

सुती कापड मिळत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. शोध घेतल्यास ते मिळते. आजी-आजोबांची लुगडी व धोतरे, जुने परकर, पंचे, सुती चादरी, उशांचे अभ्रे, मुलांचे सुती सदरे, हे सर्व उपयोगी आहे. भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणाऱ्या बोहारणीला कपडे देण्यापूर्वी त्यांतील सुती कापड निवडून बाजूला काढावे. जिल्ह्यातीलच इचलकरंजी येथे १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला व पुढे ते वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र झाले. तेथील व्यापाऱ्यांकडून सदोष सुती कापडाचे तुकडे एकत्रितपणे घेता येतात का, याची चौकशी गावातील स्त्रियांच्या गटाने अवश्य करावी. मात्र नवे कापड दोन-तीन वेळा धुऊन खळ पूर्ण काढल्यावाचून शिवू नये. अन्यथा पहिल्या धुण्यातच ते आटते व वाकळ गोळा होते.

कोणते कापड वर्ज्य

या बाबतीत शेतकऱ्यांनी विशेष सावध राहिले पाहिजे. कीडनाशक किंवा तणनाशक फवारताना अंगात घातलेले कपडे वाकळेत कधीही घालू नयेत. औषधाचा अंश धाग्यांत मुरतो व साध्या धुण्याने तो पूर्णपणे निघेलच अशी खात्री देता येत नाही. दिवसा काही तास अंगात असलेल्या सदऱ्यापेक्षा रात्रभर नाकाशी व कातडीशी लागून असलेले पांघरूण अधिक घातक ठरू शकते. फवारणीचे कपडे वेगळे ठेवावेत, वेगळे धुवावेत व निकामी झाल्यावर इतर चिंध्यांत मिसळू देऊ नयेत.

बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यांच्या पिशव्या, औषधांची वेष्टने व रासायनिक खतांची पोती यांनाही हेच लागू आहे. जमिनीची ओल वर येऊ नये म्हणून वाकळेखाली खताचे पोते अंथरण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती सोडून द्यावी. त्याऐवजी चटई किंवा बाज वापरावी. त्याचप्रमाणे बुळा झालेले, बुरशीचे काळे ठिपके पडलेले अथवा तेल-वंगणाने माखलेले कापडही घेऊ नये.

मापे व साहित्य

एका माणसाच्या पांघरुणाचा हिशेब उदाहरणादाखल असा मांडता येईल. नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांब व सुमारे १.१५ मीटर रुंद असते. त्याचे चार सारखे भाग केले म्हणजे प्रत्येकी सुमारे २.०५ मीटर लांबीचे चार थर मिळतात. हे पोटातील थर झाले. वरच्या व खालच्या थरासाठी एका सुती पाचवारी साडीतून तेवढेच दोन भाग घ्यावेत; उरलेले कापड काठपट्टीस व ठिगळांस पुरते. अशा सहा थरांच्या वाकळेचे वजन कापडाच्या जाडीनुसार साधारणतः सव्वा किलो भरते.

या खेरीज मजबूत सुती दोरा, मध्यम लांबीची जाड सुई, कात्री, अंगुस्तान व मधमाशीच्या मेणाचा लहान तुकडा एवढेच साहित्य लागते. दोरा मेणावरून ओढून घेतल्यास तो गुंतत नाही व थरांतून सहज सरकतो. पोत्याचे दाभण वापरू नये. त्याने कापडाला मोठी भोके पडतात व तेथूनच फाटण्यास आरंभ होतो.

शिवण्याची कृती

प्रथम सर्व कापड गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. बटणे, हुक, जरीचे टोचणारे काठ व जाड शिवणी काढून टाकाव्यात. फार विरलेला भाग उजेडासमोर धरून पाहावा; ज्यातून उजेड सरळ आरपार दिसतो तो भाग बाहेरच्या थरास घेऊ नये, मधल्या थरात चालतो. सर्वांत टिकाऊ कापड बाहेर व सर्वांत मऊ कापड अंगाकडे, ही मांडणी लक्षात ठेवावी.

स्वच्छ जमिनीवर चटई अंथरून तिच्यावर खालचा थर ताणून पसरावा व चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे. त्यावर एकेक थर घालताना तळहाताने मध्यापासून कडेकडे सुरकुत्या सारीत जावे. तुकडे जोडून थर केला असल्यास एका थराचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ देऊ नये, नाहीतर त्या ठिकाणी टणक कड तयार होऊन ती अंगाला बोचते. सर्व थर झाल्यावर मध्यापासून चारी दिशांना लांब कच्चे टाके घालून वाकळ टाचून घ्यावी. ही पायरी घाईने वगळली जाते व पुढे पश्चात्ताप होतो. कडेपासून आत येणाऱ्या शिवणीत सैल राहिलेले कापड मध्यभागी गोळा होते. टाचून घेतलेल्या वाकळेत ते जागच्या जागी राहते.

नंतर वरच्या व खालच्या थरांच्या कडा दोन बोटे आत दुमडून काठ शिवावा. त्यापुढे कडेला समांतर अशी धावदोऱ्याची ओळ चौफेर घालीत आत आत जावे. काही स्त्रिया चौकटीत चौकट अशा ओळी घालतात, काही लांबीच्या दिशेने सरळ ओळी घालतात. दोन्ही रीती योग्य आहेत. दोन ओळींत सुमारे तीन सेंटीमीटर, म्हणजे साधारण दोन बोटे, अंतर ठेवावे. अंतर याहून फार अधिक असल्यास धुताना मधले थर सरकतात व त्यांच्या गुठळ्या होतात. फार दाट टाके घेतल्यास थर दाबले जातात, हवा राहत नाही आणि वाकळ चवाळ्यासारखी ताठ होते. दोरा ओढून आवळू नये. टाका कापडावर नुसता टेकलेला असावा. हाताच्या शिवणीस ही सैलता साधते, म्हणून ती वाकळ मऊ राहते.

वर सांगितलेल्या मापाच्या वाकळेत तीन सेंटीमीटर अंतराने सुमारे ३७ ओळी बसतात व ओळींची एकूण लांबी सुमारे ७६ मीटर होते. दर सेंटीमीटरला एक टाका धरला तर टाक्यांची संख्या साडेसात हजारांच्या वर जाते. मिनिटाला दहा टाके या वेगाने नुसती सुई चालवण्यासच साडेबारा तास लागतात. एका वाकळेत घरातील स्त्रीचे किती श्रम साठलेले असतात, याची कल्पना या आकड्यांवरून यावी. हे काम बहुधा रब्बीची सुगी उरकल्यावर, चैत्र-वैशाखाच्या दुपारी, मृगाचा पाऊस येण्यापूर्वी पुरे करण्याची प्रथा आहे. कडक ऊन हाताशी असल्याने कापड चांगले वाळते व ओल आत राहत नाही, हाही त्या हंगामाचा लाभ आहे.

बाळाचे दुपटे

तान्ह्या बाळाच्या दुपट्यास सर्वाधिक काळजी लागते. नवजात बालकाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते. त्याच्या अंगात उष्णता राखण्याची शक्ती थोडी असते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळात ती आणखी कमी असते. अशा बाळास आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणे व वरून दोघांना पांघरूण घालणे, हा ऊब देण्याचा उत्तम उपाय आहे. वाकळ त्या उपायाला पूरक म्हणून वापरावी.

दुपट्यास दोन ते तीन थर पुरेत. कापड सर्वांत मऊ, फिक्या रंगाचे व पुनःपुन्हा धुतलेले असावे. आरसे, मणी, टिकल्या, लोंबते दोरे लावू नयेत. बाळाचे नाक व तोंड सदैव उघडे राहिले पाहिजे. एक वर्षाच्या आतील मूल झोपलेले असताना त्याच्यावर जड वाकळ टाकू नये आणि मोठ्या माणसांच्या वाकळेत त्याला गुरफटू नये; श्वास कोंडण्याचा धोका असतो. मायेपोटी तीन-तीन पांघरुणे घालणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट आशा स्वयंसेविकेने किंवा अंगणवाडी सेविकेने आदरपूर्वक, पण स्पष्टपणे समजावून सांगावी. बाळाची छाती व पाठ हाताला कोमट लागावी. मान घामेजली असेल तर पांघरूण जास्त झाले असे समजावे. बाळ गार पडले व दूध ओढीनासे झाले तर मात्र पांघरुणावर विसंबून न राहता त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

धुणे, वाळवणे व साठवण

नवरात्रापूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुण्याची रीत आपल्याकडे आहे. चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव स्वच्छतेचा पाठ देणाऱ्या संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हीच गोष्ट आचरणातून दाखवली : वस्त्र जुने असण्यात कमीपणा नाही, ते मळके ठेवण्यात आहे. पावसाळ्यातील ओल व कोंदटपणा घालवण्यास ही वेळ सोयीची असली तरी वर्षातून एक धुणे पुरेसे नाही. थंडीपूर्वी, थंडीनंतर व पावसाळ्यानंतर असे किमान तीन वेळा धुवावे, आणि आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी ऊन द्यावे.

धुण्यासाठी वाकळा नदीवर नेण्याची प्रथा आता आवरती घेतली पाहिजे. पंचगंगेचे पाणी अनेक गावे पिण्यासाठी वापरतात व तिच्या प्रदूषणाचा प्रश्न गंभीर आहे. घराच्या किंवा शेतातील नळाजवळ, विहिरीपासून दूर, मोठ्या घमेल्यात गरम पाणी व साबण घेऊन वाकळ भिजवावी व हलकेच तुडवावी. दगडावर आपटू नये. सुती वाकळ आपल्या वजनाहून अधिक पाणी धरते. ती पिळल्यास टाके तुटतात. घडी घालून दाबून पाणी काढावे व शेजारी शेजारी बांधलेल्या दोन दोरांवर पसरून टाकावी, म्हणजे भार एकाच ओळीवर येत नाही. वरून कोरडी वाटली तरी मध्यभाग गालाला लावून पाहावा. गार लागल्यास आत ओल आहे असे समजून आणखी एक दिवस ऊन द्यावे.

घरात कोणाला खरूज झाली असेल तर औषध सर्वांनी एकाच वेळी घ्यावे व त्याच दिवशी पांघरुणे कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून अधिक काळ सहसा जगत नाही. धुणे शक्य नसलेली वाकळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवली तरी काम भागते.

साठवण कोरड्या, उंच जागी करावी. घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालता येतो. बाळाच्या कपड्यांत व दुपट्यांत डांबरगोळ्या मात्र ठेवू नयेत; विशिष्ट जन्मजात दोष असलेल्या बालकांत त्यांच्या वाफेने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व कावीळ बळावते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी यांसारख्या अतिवृष्टीच्या तालुक्यांत पावसाळाभर वाकळा भिंतीला टेकवून ठेवू नयेत; दांडीवर टांगाव्यात.

पुराच्या काळात

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील महापुरांत शिरोळ, हातकणंगले, करवीर इत्यादी तालुक्यांतील असंख्य घरांत पाणी शिरले. पुरानंतर घरी परतलेल्या कुटुंबास अन्नाखालोखाल कोरड्या पांघरुणाची गरज असते. नदीकाठच्या कुटुंबांनी पावसाळा सुरू होताच एक-दोन वाकळा व बाळाची दुपटी स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी ठेवावीत, म्हणजे स्थलांतराच्या वेळी शोधाशोध होत नाही. पुराच्या पाण्यात भिजलेली वाकळ विलंब न लावता गरम पाण्यात धुवावी. दोन दिवसांत ती वाळली नाही तर बुरशी धरू लागते. आतून कुबट वास येत राहिल्यास टाके उसवून थर सुटे करून धुवावेत व चांगले तेवढेच कापड पुन्हा वापरावे. बाळासाठी अशी वाकळ वापरू नये.

श्रमाचे मोल

घरच्यांसाठी शिवलेल्या वाकळेची किंमत कोणी करीत नाही व ती करूही नये. परंतु तीच वाकळ विक्रीसाठी शिवली तर श्रमाचा हिशेब झालाच पाहिजे. वरील उदाहरणात सुईचे साडेबारा तास, त्यात कापड धुणे, कापणे, मांडणे, टाचणे व काठ शिवणे मिळवल्यास किमान दोन दिवसांचे काम होते. गावात चालू असलेल्या मजुरीच्या दराने दोन दिवसांची मजुरी, दोरा व कापडाचा खर्च आणि थोडा नफा, यांहून कमी भावात वाकळ विकणे म्हणजे आपले श्रम फुकट देणे होय. उमेद अभियानाखालील स्वयंसहायता गटांनी गटाचा एकच भाव ठरवावा, मापे ठराविक ठेवावीत आणि प्रत्येक वाकळेसोबत आत कोणते कापड आहे व ती कशी धुवावी याची मराठी चिठ्ठी जोडावी. सुती म्हणून सांगून कृत्रिम कापड घातलेली एक वाकळ सगळ्या गटाची पत घालवते.

विक्रीपलीकडे आणखी एक काम गावकऱ्यांच्या हाती आहे. गळीत हंगामात बीड व इतर जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे जिल्ह्यात येतात व ऐन थंडीत शेताकडेच्या कोप्यांत राहतात. त्यांच्या सोबत तान्ही मुले असतात. ज्यांच्या श्रमाने आपला ऊस कारखान्यापर्यंत पोहोचतो, त्यांच्या मुलाबाळांसाठी गावाने थोडी दुपटी व वाकळा शिवून देणे अवघड नाही. घराघरांतून एकेक सुती जुनेर गोळा केले तरी हे काम सहज होण्यासारखे आहे.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाचे प्रात्यक्षिक चैत्र महिन्यात स्त्रियांच्या एखाद्या बैठकीत ठेवावे. धाग्याची जळण-परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी. ती पाहिल्यावर अधिक सांगण्याची गरज राहत नाही. फवारणीचे कपडे वेगळे ठेवण्याविषयी पुरुषांच्या सभेतही बोलावे, कारण ते कपडे त्यांचे असतात. गावातील ज्या वृद्ध स्त्रियांना वाकळ उत्तम येते त्यांनाच शिक्षिकेचा मान द्यावा. त्यांच्या बोटांतील माप पुस्तकातील सेंटीमीटरपेक्षा जुने व तितकेच बिनचूक आहे. नव्या कापडाचे गुणदोष मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसतात. तेवढी भर कार्यकर्त्याने घालावी.

चांगल्या वाकळेला बाजारातील महागडे सामान लागत नाही. स्वच्छ धुतलेले सुती जुनेर, दोन बोटांच्या अंतराने घातलेला सैल टाका व वेळोवेळी दिलेले ऊन, एवढ्यावर ती वर्षानुवर्षे टिकते. येत्या सुगीनंतर प्रत्येक शेतकरी कुटुंबाने कपड्यांच्या पेटीतील सुती कापड निवडून ठेवावे व पावसाळ्यापूर्वी निदान एक वाकळ, घरात बाळ येणार असेल तर दोन दुपटी, शिवून तयार ठेवावीत.